तीनदा नको आणि एक स्नोब्लोअर

आमच्या घराण्यात आजवर कोणीही कुठलीही गोष्ट पहिल्या विचारण्यात घेतलेली नाही.

हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण बाळकडूबरोबर तो पाजला जातो. पहिल्यांदा कोणी विचारलं की "नको नको, कशाला!" दुसऱ्यांदा विचारलं की "अहो खरंच नको, आत्ताच झालंय." आणि तिसऱ्यांदा विचारलं की मान जराशी तिरकी करून, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर अगदी थोडं." मग पोटभर. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस एक तर हावरा असतो, नाहीतर जावई. नागपूरला हे सुरळीत चालतं, कारण तिथे विचारणाऱ्यालाही नियम पाठ असतो. तो तीनदा विचारायच्या तयारीनेच आलेला असतो. आईबाबा हा नियम बॅगेत घालून कॅनडातल्या किचनरला घेऊन आले, पण विचारणाऱ्यांना सोबत आणायचं राहून गेलं.

मी इथेच जन्मले, त्यामुळे पहिला फटका मला बसला. सहा वर्षांची असताना वर्गातल्या क्लोईच्या वाढदिवसाला गेले होते. तिच्या आईने केकची प्लेट पुढे केली. मी शिकवल्याप्रमाणे "नो, थँक यू" म्हटलं आणि तिसऱ्या विचारण्यासाठी मान तिरकी करून तयार ठेवली. तिची आई म्हणाली, "ओके, स्वीटी," आणि प्लेट पुढच्या मुलाकडे गेली. मी पूर्ण पार्टीभर तिरक्या मानेने बसून होते. घरी येऊन रडत सांगितलं, तर आई म्हणाली, "एकदाच विचारलं? बिचारी गडबडीत असेल." (केक चॉकलेटचा होता. हे मी अजून विसरलेले नाही.)

तर बाराव्या वर्षापर्यंत मला पक्कं कळलं होतं की या देशात नको म्हणजे नको, आणि 'ओके' म्हणजे विषय संपला. आईबाबांना ते कळायला एक हिवाळा आणि एक कंबर लागली.

आमच्या शेजारी डोरीन राहायची. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज असा की तिने "गुड मॉर्निंग" म्हटलं की आपण आपोआप खाली बसावं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिने बाबांना हाक मारली आणि आपल्या गॅरेजचं दार उघडलं. मी बाबांच्या मागे होतेच. आत एका जुन्या चादरीखाली तिच्या नवऱ्याचं, म्हणजे वॉल्टरचं, स्नोब्लोअर उभं होतं. बर्फ तोंडात घेऊन बाजूला भिरकावून देणारं यंत्र. लालभडक, दणकट, पुढे चक्क हेडलाइट.

"वॉल्टर गेला, आणि माझं हे मनगट मोडल्यापासून मला ते रेटवत नाही," डोरीन म्हणाली. "उन्हाळ्यात मी विंडसरला लेकीकडे राहायला जाणार. हे तू घेऊन टाक." (डोरीन अर्थातच इंग्रजीत बोलायची. मला ती मराठीतच आठवते, त्याला माझा इलाज नाही.)

"नो नो, डोरीन मॅडम," बाबा म्हणाले. "व्हाय ट्रबल? वुई आर फाइन."

हे म्हणताना त्यांचा हात यंत्रावरून असा फिरत होता, जसा बाजारात बैल घ्यायला आलेल्या माणसाचा फिरतो. हँडल दाबून पाहिलं, टाकीचं झाकण उघडून हुंगलं, हेडलाइट बोटाने पुसला. आणि मग ते मागे सरकून, हात बांधून, दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभे राहिले.

"ओके देन," डोरीन म्हणाली. "माझा भाचा फेब्रुवारीत, फॅमिली डेच्या सुट्टीत विंडसरहून येणार आहे. तो घेऊन जाईल." आणि दार खाली आलं.

बाबा बंद दाराकडे बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" आईने विचारलं.

"नको म्हटलं."

"बरोबर," आई म्हणाली. "किती वेळा?"

"एकदाच. तिने पुढे विचारलंच नाही. पण विचारते नं ती. फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे."

"बाबा, शी वोन्ट आस्क अगेन," मी म्हटलं. "जस्ट गो अँड से येस."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाच्या लग्नात आहेराचं पाकीट परत मागायला सांगितलं होतं. "मनू," बाबा म्हणाले, "दिलं तर घ्यावं, पण मागू नये. तू डोरीन मॅडमसमोर त्या मशीनचं नावसुद्धा काढायचं नाही. शपथ घे."

मी देवघरासमोर उभं राहून स्नोब्लोअरचं नाव न काढण्याची शपथ घेतली.

आता यात माझं काय अडलं होतं, तर माझा बँड. मी सातवीत होते आणि शाळेच्या बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवायचे. मे महिन्यात आमचा बँड मॉन्ट्रियलला जाणार होता. दोन दिवस, बसने, मैत्रिणींबरोबर, आईबाबांशिवाय. मला त्या वर्षी दुसरं काहीही नको होतं. पण प्रॅक्टिस मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी पावणेआठला, शाळेच्या आधी असायची, आणि बँडचे सर मिस्टर डॉसन यांचा नियम होता: तीनदा उशीर, की नाव कट. (माझ्या आयुष्यात सगळं तीनवरच का येऊन अडतं, देव जाणे.) तेवढ्या लवकर बस नसायची. बाबांनीच सोडायचं, आणि त्यासाठी गाडी निघायला हवी, आणि गाडी निघायला बर्फ हटायला हवा.

डिसेंबरात बर्फ सुरू झाला. बाबा आणि मी पहाटे उठून फावडी घेऊन बाहेर. गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा सगळा ड्राइव्हवे साफ करून आपण फावडं टेकवलं रे टेकवलं, की रस्ता साफ करणारी नगरपालिकेची गाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर रचून निघून जाते. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

बाबांना मात्र यात संधी दिसली. डोरीनचं स्वयंपाकघर आमच्या ड्राइव्हवेच्या समोर होतं. "ती पाहून राहिली आहे," ते कुजबुजले. "आता तिला दिसलं पाहिजे की आपल्याला किती त्रास होऊन राहिला." आणि त्यांनी मोठ्याने "आई गं" म्हणत कंबरेवर हात ठेवला. एकदा घाम पुसला. उणे पंधरामध्ये. मलाही त्यांनी जरा वाकून चालायला सांगितलं.

डोरीन खिडकीशी आली, कॉफीचा मग उंचावला, आणि खिडकी फटीएवढी उघडून ओरडली, "ग्रेट एक्सरसाइज, एह?"

जानेवारीत बाबांनी डाव बदलला. आपण तिच्यासाठी काहीतरी केलं तर तिला नक्की आठवेल, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या सकाळी डोरीन पेपर उचलायला बाहेर आली, तेव्हा ते अदबीने म्हणाले, "डोरीन मॅडम, तुमचाही ड्राइव्हवे करून देऊ का?"

आता हेही नियमातलंच होतं. असं विचारलं की समोरच्याने म्हणायचं, "छे छे, तुम्ही कशाला." आपण पुन्हा विचारायचं. तो पुन्हा नको म्हणणार. तिसऱ्यांदा दोघांनी हसायचं आणि आपापल्या घरी जायचं. कोणाला फावडं उचलावं लागत नाही आणि दोघांचाही मान राहतो.

"ओह, दॅट वुड बी लव्हली!" डोरीन म्हणाली.

त्या मंगळवारी मी प्रॅक्टिसला वीस मिनिटं उशिरा पोचले. मिस्टर डॉसननी वहीत एक रेघ मारली.

डोरीनच्या मनात बाबांची एक मूर्ती तयार झाली होती: यंत्राचा मोह नसलेला, अंगमेहनतीचा भोक्ता, पूर्वेकडचा कोणीतरी योगी. ही बातमी तिने समोरच्या गॅरीला दिली. गॅरी येऊन बाबांशी हात मिळवून म्हणाला, "ऐकलं की तुला फावड्याने बर्फ काढायला आवडतं."

"हो हो, तुम्हालाही कधी लागलं तर सांगा," बाबा म्हणाले. सवय!

"आज?" गॅरी म्हणाला.

गॅरीने शेजारच्या जोडप्याला सांगितलं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत बाबा आणि मी चार ड्राइव्हवे साफ करत होतो. पगार नाही, यंत्र नाही, आणि बाबा रोज रात्री कंबरेला बाम लावून झोपत होते. बाहेर जाताना आमच्या हॉलमध्येही त्या बामाचा वास यायचा, आणि माझ्या ट्रोम्बोनलाही. मला चीड आली होती. बाबांची, डोरीनची, आणि सगळ्यात जास्त त्या शपथेची. दहा पावलांवर तो लाल राक्षस चादर पांघरून झोपलेला, आणि त्याच दारासमोर आम्ही दोघं हाताने बर्फ उचलतोय. एका शब्दाने सुटला असता असा प्रश्न होता, आणि तो शब्द माझ्या तोंडात होता, पण बाहेर काढायची परवानगी नव्हती.

आईनेही प्रयत्न केला. डबाभर चिवडा घेऊन ती डोरीनकडे गेली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमचं गॅरेज फारच भरलंय, नाही?"

"हो ना," डोरीन म्हणाली. "भाचा आला की रिकामं होईल."

आई चिवडा देऊन परत आली. येताना डोरीनने बनाना ब्रेड देऊ केला होता, तो ती एकदा नको म्हणून आली होती.

फॅमिली डेच्या आधीच्या गुरुवारी बाबा डोरीनच्या गॅरेजसमोर वाकले आणि वाकलेलेच राहिले. उसण भरली होती. फावडं हातात, नाक बर्फापासून दीड फुटावर, आणि तोंडातून आवाज नाही. डोरीन खिडकीशी आली आणि तिने हात हलवला. बाबांनी त्याच अवस्थेत मान वर न करता एक हात उचलून हलवला. ती समाधानाने आत गेली. मी आणि आईने त्यांना तसंच काटकोनात घरी नेलं, दारातून आत घेताना जरा वळवावं लागलं.

मिस्टर डॉसननी दुसरी रेघ मारली. "वन मोअर, मानसी," ते म्हणाले, आणि त्यांनाही वाईट वाटत होतं हे मला दिसलं. पुढच्या मंगळवारी मोठं वादळ येणार असं रेडिओ सांगत होता. बाबा पलंगावर, चार ड्राइव्हवे, आणि मी एकटी. मॉन्ट्रियल संपलं, असं मी उशीत तोंड घालून ठरवून टाकलं.

"शनिवारी तिला जेवायला बोलवू," आई म्हणाली. "भाचा सोमवारी येतो. पोटभर जेवली की माणसाला सगळं आठवतं."

शनिवारी डोरीन आली, साडेपाच वाजता, छान ब्लाउज घालून. बाबा कंबरेला पट्टा बांधून खुर्चीत सरळ बसले होते, म्हणजे वाकता येत नव्हतं म्हणून. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या, वर नागपुरी हाताने तूप.

आता एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. डोरीन नऊ भावंडांत वाढली होती, आणि तिच्या आईचा नियम होता की ताटात आलेलं टाकायचं नाही. आणि आमच्या आईचा नियम, की ताट रिकामं दिसलं की वाढायचं. हे दोन नियम त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर प्रथमच भेटले.

डोरीनने पहिली पोळी मनापासून खाल्ली. आईने दुसरी वाढली. "नो, थँक यू," डोरीन म्हणाली. पोळी ताटात पडली. ती तिने संपवली. आईने तिसरी वाढली. "रिअली, नो." पोळी, वर तूप. डोरीनने पाणी प्यायलं आणि तीही संपवली. चौथी येताना तिने ताटावर हात धरला, तर आईने बोटांच्या फटीतून सरकवली. आमच्याकडे हात आडवा धरणं म्हणजे 'अर्धीच वाढा' असा अर्थ होतो.

चौथ्या पोळीच्या मध्यावर डोरीन थांबली. चेहरा लाल झाला होता. तिने चमचा खाली ठेवला आणि बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात पण अगदी काकुळतीने म्हणाली, "मी नको म्हटलं. मी कितीदा नको म्हटलं. तुम्ही लोक ऐकत का नाही?"

आई हातात उलथनं घेऊन जागच्या जागी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात दोन्हीकडचं कळणारी मी एकटीच होते, आणि ते पहिल्यांदा मला ओझं वाटलं नाही.

"डोरीन," मी म्हटलं, "आमच्यात पहिल्यांदा कोणी खरं नको म्हणत नाही. तो मॅनर्सचा नको असतो. दुसऱ्यांदाही. समोरच्याने तीनदा विचारायचं असतं. तिसरं उत्तर खरं."

"तीनदा?"

"तीनदा. एकदा विचारून सोडून दिलं तर आम्हाला वाटतं, त्यांना द्यायचंच नव्हतं."

(यात मी कुठल्याही यंत्राचं नाव काढलं नाही. देवघर साक्षी आहे.)

 डोरीन उरलेल्या पोळीकडे बघत होती. मग तिने हळूच मान वळवून बाबांकडे पाहिलं. त्यांचा पट्टा पाहिला. खिडकीबाहेर आमच्या दाराशी टेकवलेली दोन फावडी पाहिली, एक मोठं आणि एक माझ्या उंचीचं.

"ओ माय गॉड," ती म्हणाली. "संजय. नोव्हेंबरात."

बाबा वरणाकडे बघायला लागले.

"संजय, तुला स्नोब्लोअर हवंय?"

"नो नो, डोरीन मॅडम. व्हाय ट्रबल."

"संजय. तुला स्नोब्लोअर हवंय?"

"रिअली, वुई आर मॅनेजिंग." पट्टा करकरला.

डोरीन खुर्ची मागे सारून उभी राहिली. "संजय," ती म्हणाली, "तुला वॉल्टरचं स्नोब्लोअर हवंय का?"

बाबांची मान जराशी तिरकी झाली. सबंध हिवाळाभर ती त्या क्षणासाठी थांबली होती.

"बरं," ते म्हणाले, "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. डोरीन मटकन खाली बसली आणि हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. आई सावरली आणि सवयीने पुढे आली. "अजून एक पोळी?"

"नो. नो. नो," डोरीन एका दमात म्हणाली.

आई बाबांकडे वळली. "अहो, आता हो काय करायचं?"

सोमवारी तिचा भाचा आला. डोरीनने घाबरत घाबरत त्याला सांगितलं, तर त्या माणसाने तिला मिठीच मारली. तो विंडसरला कॉन्डोत नवव्या मजल्यावर राहतो! यंत्र ठेवायला जागा नाही, झाडायला ड्राइव्हवे नाही. मावशीला वाईट वाटू नये म्हणून बिचारा पहिल्या विचारण्यातच हो म्हणून बसला होता आणि नोव्हेंबरपासून काळजीत होता. म्हणजे भानगड यांच्यातही होती, फक्त उलटी. जाण्यापूर्वी त्याने आणि गॅरीने मिळून ते यंत्र आमच्याकडे ढकलत आणलं, आणि डोरीनने आम्हाला ते सुरू कसं करायचं ते दाखवलं.

मंगळवारी वादळ आलं. बाबा पट्टा बांधून, हेडलाइट लावून, चारही ड्राइव्हवेंवरून विजयी वीरासारखे फिरले. (यंत्र आलं तरी बाकीची तीन घरं त्यांनी सोडली नाहीत. एकदा शब्द दिला होता ना.) पाऊण तासात सगळं साफ. मी प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी पोचले. वर्गात मी आणि मिस्टर डॉसन दोघंच.

त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खूश होऊन म्हणाले, "मानसी, मॉन्ट्रियलच्या कार्यक्रमात ट्रोम्बोनचा एक सोलो आहे. तू वाजवशील?"

मला तो सोलो हवाच होता. तीन महिने मी याच देशात, याच गोष्टीवरून, आईबाबांना शहाणपण शिकवत होते. तीनच दिवसांपूर्वी मी डोरीनला भाषण दिलं होतं. मी तोंड उघडलं.

"नो नो, इट्स ओके," मी म्हटलं. "केव्हिनला द्या."

"ओके," मिस्टर डॉसन म्हणाले.

मॉन्ट्रियलला मी गेले. खूप मजा केली. केव्हिनने सोलो छान वाजवला, आणि तेवढा वेळ मी त्याच्या शेजारी ट्रोम्बोन मांडीवर घेऊन बसले होते. परत आल्यावर बाबा बसस्टॉपवर न्यायला आले. गाडीत त्यांनी विचारलं, "सोलो तुला काहून नाही दिला गं?"

"दिला होता. मी एकदा नको म्हटलं."

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अभिमानाने भरून आला होता. "शाब्बास," ते म्हणाले. "एकदम हो म्हणायचंच नसतं. विचारतील ते परत."

त्याला आता सतरा वर्षं झाली. मिस्टर डॉसन रिटायर झालेत, ट्रोम्बोन बेसमेंटमध्ये आहे, आणि मी दर महिन्याला त्यावरची धूळ पुसून ठेवते. अजून दोनदा विचारायचं बाकी आहे.